आल्डेनरोडेचे तीस दिवस

१

माझा मुलगा मंगळवारी दुपारी घोड्यावर चढला आणि त्याच दिवशी सांज-प्रार्थनेच्या वेळी मेला, असं मला गढीच्या दारातच सांगण्यात आलं. सांगणाऱ्याची अपेक्षा होती मी छाती बडवून घेईन. मी विचारलं, "चढवला कुणी?"

"कुणीच नाही, काकू. आपल्या पायांनी चढला. सगळ्या गढीनं पाहिलं."

सांगणारा एक्बर्ट. माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या भावाचा मुलगा. सात वर्षांचा असल्यापासून आमच्या ताटातलं जेवला. त्याचं नाक मी माझ्या पदराला पुसलंय. आता त्याच्या कमरेला आल्डेनरोडेच्या किल्ल्या लोंबत होत्या. आठ दिवसांपूर्वी मी नात हाझेकाला घेऊन नणंदेच्या मठात गेले, तेव्हा त्या माझ्या बुर्खार्टच्या कमरेला होत्या.

बुर्खार्टला उन्हाळ्यापासून ताप येत-जात होता, हे खरं. पण मी निघाले त्या दिवशी तो काठी टेकत अंगणात आला होता आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून बिअर आंबट झाली म्हणून गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा शिव्या देत होता. शिव्या देणारा माणूस आठ दिवसांत मरत नाही. निदान आमच्या घरात नाही.

"त्यानं सगळं मला दिलं, काकू," एक्बर्ट म्हणाला. "गढी, घोडी, शस्त्रं, खालची जहागीर. रीतसर."

रीत मला शिकवायला निघाला होता. सॅक्सन माणसाला मरणाच्या खाटेवरून दान देता येत नाही. कमरेला तलवार, हातात ढाल, आणि हातभर उंच दगडावरून कुणाच्या आधाराशिवाय घोड्यावर चढून दाखवायचं. मोतद्दारानं घोडा आणि पाय ठेवायची रिकीब धरली तर चालते, बाकी कुणी बोट लावायचं नाही. चढला तर दान पक्कं. नाही चढला तर सगळं रक्ताच्या वारसाला. बुर्खार्टचा वारस म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोची मुलगी, ही चौदा वर्षांची हाझेका, जी माझ्या मागे चिखलात उभी राहून ओठ चावत होती.

"आणि हिचं काय?" मी विचारलं.

"मठात चांगली राहील. आत्ताच तर राहून आली."

 मला माझ्या मुलाला आंघोळ घालायची होती. ते काम आईचं, त्याला कुणी अडवत नाही. देवघरात त्याला फळीवर ठेवला होता. मी त्याचे केस धुतले, हात धुतले. मग दार लावून घेतलं आणि त्याच्या पापण्या उलटून पाहिल्या.

आत लाल ठिपके होते. बारीक, मोहरीएवढे. मी सहा मुलं पुरली आहेत, एक नवरा, दोन सासवा आणि एका साथीत निम्मं गाव. तापानं मेलेल्याच्या डोळ्यांत असे ठिपके मी कधी पाहिले नाहीत. एकदाच पाहिले होते, गावातल्या एका तान्ह्या पोराच्या, ज्याच्यावर दारुडी आई झोपली होती.

माझ्या मुलाचा श्वास कुणीतरी दाबला होता.

२

आरडाओरडा करून काय मिळणार होतं? आमच्या न्यायसभेत बाईला तोंड नाही. तिच्या वतीनं तिचा पालक बोलतो, आणि पालक म्हणजे घरातला जवळचा पुरुष. म्हणजे एक्बर्ट. माझ्या मुलाच्या खुनाची फिर्याद मला एक्बर्टच्या तोंडून मांडावी लागली असती.

म्हणून मी डोळे पुसत त्याच्यापुढे जाऊन बसले. "सांग बाबा, कसा चढला माझा मुलगा. शेवटचं तेवढं तरी ऐकू दे."

तो खुश झाला. खोटं सांगणाऱ्याला ऐकणारा मिळाला की त्याची जीभ लांबते.

"दुपारी मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. एकूण एक माणूस. कोंबड्या राखणारी म्हातारीसुद्धा. म्हटलं, उद्या कुणी शंका काढायला नको. बुर्खार्टदादा साखळी चिलखत घालून, शिरस्त्राण चढवून खाली आला. मोतद्दार रेम्बोल्टनं घोडा धरला, रिकीब धरली. दादा दगडावर उभा राहिला आणि चढला. मग हातमोजा काढून माझ्या हातात दिला. झालं."

"काय बोलला?"

"घसा बसला होता. मोजा दिला की शब्द लागत नाहीत, काकू, तुम्हाला माहीत आहे."

"आणि युट्टा? नवऱ्याजवळ होती ना?"

युट्टा म्हणजे बुर्खार्टची दुसरी बायको. चार वर्षं झाली होती, मूलबाळ नाही.

"वहिनी वर त्याचं अंथरूण ऊबदार करून ठेवत होत्या. मीच त्याला खांदा देऊन वर नेलं. ताप लागेल म्हणून बाकी कुणाला जवळ येऊ दिलं नाही."

"चिलखत, तलवार कुठंय?"

आता त्यानं छाती फुगवली. मेलेल्याचं युद्धाचं सामान, म्हणजे तलवार, चिलखत, ढाल आणि खोगीर, तिसाव्या दिवशी जवळच्या पुरुष नातेवाइकाला मिळतं, आणि तोवर कुणी हात लावायचा नाही. दानाची गोष्ट वेगळी, हे सामान तर एक्बर्टला तसंही मिळणारच होतं.

"देवघराच्या बाजूच्या खोलीत. गजाआड. उतरवल्या क्षणी मी जसंच्या तसं ठेवलं, कुलूप घातलं, माझी मोहर लावली. तिसाव्या दिवशी जहागिरीच्या न्यायाधीशासमोरच उघडेल. सामानाला धक्का लागला असं कुणी म्हणायला नको. मी रीत पाळणारा माणूस आहे."

"आहेस खरा," मी म्हणाले.

३

आमच्या देवघराचा पाद्री वोल्राट. दानाचा कागद त्यानंच लिहिला होता, म्हणून पहिला संशय माझा त्याच्यावर. त्याच्या खोलीत गेले तर तो खारवलेलं मांस खात होता, आणि मला पाहून त्यानं ताट झाकलं. उपासाचा दिवस नव्हता, सवयीनं झाकलं.

"पाद्रीबाबा, माझ्या मुलाला शेवटचं पवित्र तेल कुणी लावलं?"

"मीच, बाईसाहेब. सांज-प्रार्थनेची घंटा दिली आणि एक्बर्ट धावत आला. म्हणाला, आत्ता, या क्षणी गेला. मी तसाच वर."

"गरम होता?"

"थंड होता. खिडकी उघडी होती ना." मग त्यानं खाली पाहिलं. "एक गोष्ट माझ्या मनाला खाते. त्याच्या हातात मला क्रूस देता आला नाही. बोटं उघडेनात. जबडाही गच्च. मी जोर केला, क्रूस मोडायची वेळ आली. मग छातीवर नुसता ठेवला. पापी माणसाच्या हाताला क्रूस नको असतो म्हणतात, म्हणून मी कुणाला बोललो नाही. बुर्खार्टची बदनामी नको."

मी त्या माणसाकडे पाहत राहिले. चाळीस वर्षं मेलेल्यांना तेल लावतोय आणि त्याला एवढं कळत नाही. आत्ता गेलेला माणूस ओल्या कपड्यासारखा असतो, हवा तसा वळतो. लाकूड व्हायला त्याला अर्धा दिवस लागतो. सांज-प्रार्थनेला माझा मुलगा लाकूड झाला होता, तर तो गेला पहाटे.

आणि दुपारी घोड्यावर चढला.

"तुम्ही अंगणात होता का हो, तो चढला तेव्हा?"

"दारात मेज मांडून बसलो होतो. मला लांबचं धूसर दिसतं. शिरस्त्राण दिसलं, ढालीवरचं आपलं अस्वल दिसलं. लिहिलं."

मूर्ख होता, पण खोटारडा नव्हता. खोटारड्यानं क्रूसाची गोष्ट सांगितली नसती. मी त्याला माझ्या यादीतून काढलं.

स्वयंपाकघरात इम्मा कोबी चिरत होती. वीस वर्षं तिचं आणि माझं पटत नाही, त्यामुळे ती मला कधी गोड खोटं सांगत नाही.

"दिसला का तुला माझा मुलगा, घोड्यावर चढताना?"

"सगळ्यांनाच दिसला. एक्बर्टमालकानं माझी डाळ चुलीवर करपवली, सगळ्यांना बाहेर काढून. मोजत होता माणसं, मेंढरं मोजतात तशी."

"कसा दिसला?"

"कसा दिसणार, हाडं उरली होती बिचाऱ्याची. तापानं माणूस किती सुकतो हो. चिलखत गुडघ्याखाली लोंबत होतं. पूर्वी मांडीवर यायचं."

"गुडघ्याखाली."

"हो. मला तर रडू आलं. तुम्हाला येत नाही का?"

"येईल," मी म्हणाले. "वेळ काढीन त्यासाठी."

ताप मांस खातो. चिलखत सैल होईल, पोटाशी झुलेल. पण ते लांब कसं होईल? त्यासाठी ताप हाडं खायला लागेल.

४

आता माझ्याकडे एक मेलेला मुलगा होता आणि त्याच्या चिलखतात दुसरंच कुणीतरी. कोण, ते कळायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी देवघरात बसायला लागले. सकाळी, दुपारी. एक्बर्ट लोकांना सांगायचा, काकू आता देवाकडे वळल्या. मी गजांपाशी गुडघे टेकायचे आणि आत बघायचे. चिलखत खुंटीला होतं, ढाल भिंतीला टेकून, तलवार खाली. मधल्या लाकडी घोडीवर बुर्खार्टचं खोगीर, दोन्ही बाजूंना रिकिबी लोंबत होत्या.

पहिले दोन दिवस मला काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन खिडकीतून बरोबर खोगिरावर आलं.

रिकिबीच्या वादीला, म्हणजे चामडी पट्ट्याला, भोकं असतात. बुर्खार्ट माझ्या घराण्यावर गेलेला, लांब तंगड्यांचा, त्यामुळे त्याचं भोक खालून दुसरं. सोळा वर्षं तेच. ते भोक ताणून लांबट झालं होतं आणि तिथं चामड्याला काळी घडी पडली होती, गजांतूनही दिसत होती. पण आकडा त्या भोकात नव्हता. तिथून पाच भोकं वर होता. रिकीब चांगली वीतभर वर चढली होती.

मी बोटांनी मोजलं, पुन्हा मोजलं. मग मला आमचा मोतद्दार आठवला.

रेम्बोल्ट. त्याच्या हातून माणूस घोड्यावर चढतो तो वादी मापून झाल्यावरच. बोटं खोगिराला, रिकीब काखेला, असं हातावर माप घेतल्याशिवाय तो राजालाही चढू देणार नाही. न बघता करतो, जशी मी सूत कातते तशी. त्या दुपारी चिलखतातल्या माणसासाठी त्याचे हात आपोआप चालले. आणि एक्बर्टनं, रीत पाळणाऱ्या माणसानं, ते माप कुलपात घालून मोहर लावून माझ्यासाठी जपून ठेवलं.

वीतभर आखूड पाय कुणाचे? एक्बर्ट उंच, आणि तो मोजा घ्यायला समोर उभा होता. रेम्बोल्ट घोड्याचं तोंड धरून. पाद्री मेजावर. बाकीची सगळी माणसं एक्बर्टनं स्वतः मोजून अंगणात उभी केली होती. त्याला साक्षीदार हवे होते. त्यानं मला एकेक माणूस वगळून दिला.

गढीत एकच जण अंगणात नव्हती.

मी तबेल्यात गेले. युट्टाचं खोगीर तिच्या खुंटीला होतं. मी आकड्याखालची भोकं मोजली आणि बाहेर आले. रेम्बोल्ट दारात घोड्याला खरारा करत होता.

"काही हवं होतं का, मालकीणबाई?"

"काही नाही रे. तुझं काम बघत होते. या मुलखात तुझ्यासारखा मोतद्दार नाही."

तो लाजला. तो लाजला याचा मला राग आला, आणि तो राग मी जपून ठेवला.

५

विधवेला नवऱ्याच्या घरात तीस दिवस राहायचा हक्क आहे. कुणी तिला उठवू शकत नाही, तिचं ताट कमी करू शकत नाही. मूल नसेल तर एकतिसाव्या दिवशी आपले कपडे, भांडी आणि मेंढ्या घेऊन तिनं निघायचं. युट्टाला निघायचं नव्हतं, एवढं तिचं कारण. हाझेका मालकीण झाली असती तर तिनं सावत्र आईला ठेवलं नसतं. एक्बर्ट बायको म्हणून ठेवणार होता.

म्हणून मी तिला तीस दिवस वाढलं. स्वतःच्या हातानं. डुकराच्या मांसाचा चांगला तुकडा तिला, मधाची पोळी तिला. ती माझ्यासमोर काळा पाव कुस्करत बसायची.

"सासूबाई, तुम्ही माझ्याशी कधी इतक्या चांगल्या वागला नाहीत."

"तुझा हक्क आहे. खा."

"मला भूक नाही."

"बारीक होशील. मग कपडे लांब होतात अंगाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पेल्यात बिअर ओतली.

हाझेका खोलीत आली की माझ्यावर फणकारायची. "आजी, तू तिला खायला घालतेस? आणि एक्बर्टकाका मला मठाची टोपी शिवायला सांगतो."

"शीव."

"मी नाही शिवणार."

"शीव म्हटलं ना. चांगली शीव, टाके बारीक घाल. कुणाला तरी होईल."

तिला मी काही सांगितलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. पण सव्विसाव्या दिवशी युट्टा एकाएकी म्हणाली, "एक्बर्टभावोजी म्हणत होते, ते सामान आधीच उघडून साफ करून ठेवावं. गंज चढेल. न्यायाधीशासमोर बरं दिसत नाही."

मी तिच्या ताटात मधाची आणखी एक पोळी ठेवली.

"कर म्हणावं," मी म्हणाले. "मोहर मोडली की मी न्यायाधीशाला सांगेन, तलवारीची सोन्याची मूठ आधी होती, आता नाही. म्हातारी बाई आहे मी. आठवतं तसं बोलते."

"मूठ सोन्याची नव्हती."

"ते मोहर शाबूत असली तरच सिद्ध होईल, नाही का?"

मोहर शाबूत राहिली.

६

तिसाव्या दिवशी न्यायाधीश आला. जाडा, सर्दी झालेला, पण कान चांगले. शेजारच्या गढ्यांतले बारा सरदार अंगणात बाकांवर बसले, आमची माणसं मागे. एक्बर्टनं स्वतःच्या हातानं मोहर फोडली आणि सामान बाहेर आणून मांडलं.

सामान देताना विधवेनं शपथ घ्यायची की सगळं आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं एकेक वस्तू ओळखायची. एवढ्यापुरतं बाईला सभेत तोंड मिळतं. मी तीस दिवस त्याचीच वाट पाहत होते.

"तलवार?" न्यायाधीशानं विचारलं.

"माझ्या मुलाची."

"चिलखत?"

"माझ्या मुलाचं."

"खोगीर?"

"हे ओळखू येत नाही मला."

एक्बर्ट हसला. "काकू, रोज तर गजांतून पाहत होता."

"म्हणूनच. माझ्या मुलाचं खोगीर असं बांधलेलं नसतं. रेम्बोल्ट, इकडे ये रे. न्यायाधीशसाहेब, मी याला विचारू का? खोगिराचं याच्याइतकं कुणाला कळत नाही."

न्यायाधीशानं नाक पुसत मान हलवली.

"रेम्बोल्ट, किती वर्षं झाली तुला या तबेल्यात?"

"एकतीस, मालकीणबाई."

"कधी चुकीच्या मापाची रिकीब लावलीस?"

"आयुष्यात नाही."

"एखादे दिवशी घाईत?"

"घाईतसुद्धा नाही," तो मान ताठ करून म्हणाला. "माझे हात चुकत नाहीत."

"बुर्खार्ट चढल्यावर याला दुसऱ्या कुणी हात लावला?"

"कुणी नाही. लगेच कुलपात गेलं."

"मग हे माप कुणाचं आहे, ते साहेबांना सांग."

त्यानं खोगिराकडे पाहिलं. लांबट झालेलं भोक, त्यावरची काळी घडी, आणि पाच भोकं वर अडकवलेला आकडा. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. न्यायाधीश उठून जवळ आला, वाकला.

"दादा आजारी होता," एक्बर्ट म्हणाला. "त्याला सोपं जावं म्हणून वर घेतली."

मी बाकांकडे वळले. "तुम्ही सगळे घोड्यावरची माणसं. आजाऱ्यासाठी रिकीब वर घेता की खाली सोडता? ज्याला पाय उचलवत नाही त्याला पाय आणखी उंच उचलायला लावता?"

एक म्हातारा सरदार खाकरला. "खाली सोडतात," तो म्हणाला. "मला सोडतात."

"तापानं सुकला होता तो!"

"सुकला असेल. कमरेचा पट्टा आवळा, मी काही म्हणणार नाही. पण पायाचं हाड वीतभर आटतं का रे? इम्मा, चिलखत कुठपर्यंत आलं होतं?"

"गुडघ्याखाली," इम्मा मागून म्हणाली, आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"पाद्रीबाबा, तुम्ही तेल लावलं तेव्हा माझ्या मुलाची बोटं उघडली का?"

वोल्राटनं सांगितलं. बारा सरदारांनी माणसं मरताना पाहिली होती, त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. 

"एक्बर्टनं त्या दिवशी गढीतला एकूण एक माणूस अंगणात उभा केला," मी म्हणाले. "त्याचे उपकार आहेत. एकच जण नव्हती. साहेब, तबेल्यात दुसऱ्या खुंटीला एक खोगीर आहे. ते आणवा, आणि दोन्ही वाद्या शेजारी ठेवा."

खोगीर आणलं. वाद्या शेजारी ठेवल्या. रिकिबी एका रेषेत आल्या, नखभरही फरक नाही.

"कुणाचं खोगीर हे?" न्यायाधीशानं विचारलं.

 मग रेम्बोल्ट गुडघ्यांवर बसला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "युट्टाबाईंचं. मला एक्बर्टमालकानं पहाटे उठवलं. धनी गेले होते तेव्हा. म्हणाला, गप्प रहा नाहीतर तबेल्यातून जाशील. मी मारलं नाही. मी फक्त रिकीब धरली."

युट्टा एक्बर्टकडे पाहत म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला, साफ करून ठेव." बस एवढंच. एक्बर्ट दाराकडे धावला, पण दार त्याच्या स्वतःच्याच हुकुमावरून लावलेलं होतं, सामानाला पाय फुटू नयेत म्हणून.

७

एक्बर्टच्या मामांनी भरपाई देऊ केली. गुरं, एक पाणचक्की, बुर्खार्टसाठी शंभर प्रार्थना. घ्यायची रीत आहे, पुष्कळ घेतात. मी म्हणाले, पाणचक्की तुमच्याकडेच ठेवा, भाचा द्या. त्याला चाकावर घालून हाडं मोडली. युट्टाला बाईला देतात ते दिलं, जिवंतपणी जमिनीखाली. रेम्बोल्टला घालवला, तो कुठल्याच तबेल्यात टिकला नाही असं ऐकते, आणि ऐकून बरं वाटतं. त्या दोघांच्या शिक्षेच्या वेळी मी पहिल्या रांगेत उभी होते, आणि हाझेकाला शेजारी उभी केली. ती म्हणाली, आजी, मला बघवत नाही. म्हटलं, तू आता आल्डेनरोडेची मालकीण आहेस, बघ.

पाद्री म्हणाला, आता तरी क्षमा करा. मी क्षमा केली नाही. अजून केलेली नाही.

मग मी नणंदेच्या मठात गेले. तिथं आमच्या घराण्याच्या सगळ्या मेलेल्यांची नावं एका पुस्तकात आहेत. ज्याच्या मरणाचा दिवस त्या दिवशी त्याचं नाव मोठ्यानं वाचतात. बुर्खार्टचं लिहिलं. नणंद म्हणाली, त्या दोघांची नावं अर्थातच नको.

"लिही," मी म्हणाले. "बुर्खार्टच्या खालोखाल लिही. एक्बर्ट, ज्यानं भावाचा श्वास दाबला. युट्टा, जिनं मेलेल्या नवऱ्याचं चिलखत घातलं. आणि लॅटिनमध्ये नको, आपल्या भाषेत. भांडी घासणारीलाही कळलं पाहिजे."

"ओडा, अशानं त्यांच्या आत्म्यांना कधी विसावा मिळणार नाही."

"ठाऊक आहे. शाई चांगली वापर."

नणंदेनं हाझेकाकडे पाहिलं, ही तरी आजीला आवरेल म्हणून. हाझेकानं बोटातली बापाची मोहरेची अंगठी फिरवली. खालचं कुरण, ओढ्यापासून ओकच्या रांगेपर्यंत, ती मठाला देणार होती, तशी बोली झाली होती.

"कुरण याच अटीवर," ती म्हणाली. "एक वर्ष वाचायचं चुकलं, तर कुरण परत."

"किती वर्षं वाचायचं, बाळ?" नणंदेनं विचारलं.

"कुरणात गवत उगवेल तितकी," माझी नात म्हणाली, आणि मोहर उमटवायला मेण मागितलं.